पाचव्या हातातला चेंडू

मुक्तिदिनाचे संचलन होऊन दोनच दिवस झाले आहेत. नाताळची सुट्टी तोंडावर आली आहे. पेडण्यात जत्रांची धामधूम आहे, डिचोलीत सकाळी धुके उतरते आणि नऊच्या सुमारास लख्ख ऊन पडते. शाळांच्या मैदानांवर खेळायला गोव्यात याहून चांगले दिवस नाहीत. अशा दिवसांत आज, २१ डिसेंबरला, जागतिक बास्केटबॉल दिन आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२३ साली ठराव करून हा दिवस जाहीर केला. फुटबॉल आणि क्रिकेटच्या गजबजाटात आपल्याकडे तो कुणाच्या लक्षात राहत नाही. पण शाळेच्या मैदानावर वाढणाऱ्या मुलामुलींशी या खेळाचा जवळचा संबंध आहे आणि चुरशीच्या सामन्यात आपण त्यांना काय शिकवतो, हा प्रश्न खेळापुरता उरत नाही. म्हणून आजचा हा अग्रलेख त्या प्रश्नासाठी.

२१ डिसेंबर १८९१ रोजी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ नावाच्या तरुण शिक्षकाने हा खेळ पहिल्यांदा खेळवला. बाहेर कडाक्याची थंडी, आत व्यायामशाळेत कंटाळलेले अठरा विद्यार्थी. त्यांना दमवेल पण एकमेकांची हाडे मोडायला लावणार नाही असा खेळ त्याला हवा होता. त्याने पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या, नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडले आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. त्या दिवशी सामन्यात एकच बास्केट पडली. दहा फुटांची ती उंची आज जगभरच्या कोर्टांवर तशीच आहे.

त्या तेरा नियमांतला एक आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. चेंडू हातात आला की तो घेऊन पळायचे नाही. जिथे झेलला तिथूनच पुढे टाकायचा. म्हणजे जन्माच्या वेळी या खेळात ड्रिबल नव्हते. चेंडू पुढे न्यायचा तर तो दुसऱ्याच्या हाती देण्यावाचून इलाज नव्हता. ड्रिबल नंतर आले, त्याने खेळ वेगवान आणि देखणा केला, पण पास हा या खेळाचा पाया आहे.

पुढे १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला पहिल्यांदा पदकाचा मान मिळाला. वयोवृद्ध नेस्मिथ ते पाहायला हजर होते. सामने उघड्यावर, माती-वाळूच्या कोर्टांवर झाले. अंतिम सामन्याच्या वेळी धो धो पाऊस कोसळला. चिखलात चेंडू उसळेना, त्यामुळे ड्रिबलचा प्रश्नच मिटला. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. जून-जुलैत कोर्टावर पाणी साचल्यावरही खेळण्याचा हट्ट धरणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हा सामना सहज कळेल. चेंडू उसळत नसला की तो एकमेकांकडे टाकावा लागतो, आणि मग संघात पाच जण आहेत हे आपोआप आठवते.

एरवी ते आठवत नाही. कसे, ते पाहू.

चित्र डोळ्यांसमोर आणा. सिमेंटचे कोर्ट आहे. पावसाळ्यात चढलेले शेवाळ खरवडून काढले तरी कडेला हिरवट पट्टा राहिला आहे. पांढऱ्या रेघा कालच नव्याने मारल्या आहेत. सतरा वर्षांखालील मुलींचा सामना चालू आहे, एक संघ पेडण्याकडचा, दुसरा डिचोलीकडचा. फलक सांगतो ३१–३०. अर्धे मिनिट उरले आहे आणि एका गुणाने मागे असलेल्या संघाच्या हातात चेंडू आहे. सरांनी टाइमआऊट घेतला. पाचही मुली त्यांच्याभोवती गोळा झाल्या, पण सर बोलतात ते एकीकडेच पाहून. संघाच्या तीस गुणांपैकी बावीस तिचे आहेत. सूचना एका वाक्यात संपते : चेंडू तिला द्या आणि बाजूला व्हा. बाकीच्या चौघी माना डोलावतात आणि बाटलीतले पाणी पितात.

खेळ सुरू होतो. समोरच्या बाकावरही एक सर आहेत, त्यांनाही गुण मोजता येतात. चेंडू तिच्या हाती येताच दोघी तिच्यावर धावतात. ती डावीकडे वळते, वाट बंद. उजवीकडे वळते, तिथेही हात. उजव्या कोपऱ्यात संघातली सगळ्यात बुटकी मुलगी एकटी उभी आहे. तिच्या आसपास कुणी नाही. दोन्ही हात छातीशी तयार धरून ती हाक मारते, “दी गो!” हाक ऐकू जाते. कोपरा दिसतोही. पण चेंडू तिकडे जात नाही, कारण तीन महिन्यांच्या सरावात तो तिकडे कधी गेलेलाच नसतो. शेवटी दोघींच्या उंचावलेल्या हातांवरून ती उडी मारून फेक करते. पाय थकलेले, चेंडू कमी पडतो, रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून खाली येतो. शिट्टी वाजते. ती कोर्टावरच बसकण मारते. कोपऱ्यातल्या मुलीचे हात अजून छातीशीच असतात.

हा अमुक एका सामन्याचा वृत्तान्त नव्हे. ज्यांनी तालुका पातळीवरचे सामने पाहिले आहेत त्यांना यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल. शाळा लहान, मुले मोजकी, त्यात एखादाच उंच, चपळ, हातात कला असलेला. सरावाला आठवड्यातून दोन संध्याकाळ मिळतात, शेवटची कदंब बस चुकू नये म्हणून त्यातलीही अर्धी कापली जाते. अशा वेळी क्रीडाशिक्षक त्या एकाच्या भरवशावर राहतात याबद्दल त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. वीस मिनिटांत पाच जणांना तयार करण्यापेक्षा एकाला चेंडू देणे सोपे असते. पहिल्या फेरीत, दुबळ्या संघापुढे, हा मार्ग जिंकूनही देतो. फसतो तो बरोबरीच्या संघापुढे, शेवटच्या मिनिटात, नेमका गरज असते तेव्हा.

तो का फसतो याचा हिशेब साधा आहे. बास्केटबॉलमध्ये कोर्टावर पाचच जण असतात. एकीवर दोघी धावल्या की उरलेल्या चौघींना अडवायला तिघीच राहतात. म्हणजे कुणीतरी मोकळी असतेच. चांगल्या खेळाडूने दोघींना आपल्याकडे ओढून घेणे हेच तिचे मोठे काम असते, पण त्याचा मोबदला पदरात पडतो तो पास दिल्यावर. पास दिला नाही तर तिने ओढून आणलेल्या दोघी तिच्याच गळ्यात पडतात. दुसरी गोष्ट फाऊलची. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. सगळा भार एकावर असला की प्रतिस्पर्धी त्याच्याच अंगावर जाऊन त्याला फाऊल करायला भाग पाडतात, आणि चौथ्या फाऊलनंतर तो हात आखडून खेळू लागतो. तिसरी गोष्ट पायांची. तीन क्वार्टर एकट्याने धावलेल्याची फेक चौथ्या क्वार्टरमध्ये रिंगपर्यंत पोचत नाही, कारण फेक हातांनी होते असे दिसत असले तरी तिची ताकद गुडघ्यांतून येते.

याच्याही मागे एक कारण आहे आणि ते सगळ्यात मोठे आहे. आठ मिनिटे ज्याच्या हाताला चेंडू लागलेला नाही, त्याला नवव्या मिनिटाला अचानक शेवटची फेक दिली तर ती चुकणारच. मग सर म्हणतात, “बघ, म्हणून मी तिलाच द्या म्हणत होतो.” चूक कोपऱ्यातल्या मुलीच्या नावावर लिहिली जाते आणि पुढच्या सामन्यात तिच्याकडे चेंडू आणखी कमी जातो. अविश्वासाचे असे चक्र एकदा फिरू लागले की ते आपणच खरे करून दाखवते.

या खेळातला जगातला सर्वांत मोठा तारा कोण, असे विचारले तर बहुतेक जण मायकेल जॉर्डनचे नाव घेतील. त्याची गोष्ट आपल्या क्रीडाशिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी, पण पूर्ण सांगावी. जॉर्डन १९८४ साली शिकागो बुल्समध्ये आला. २० एप्रिल १९८६ रोजी बोस्टनविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने एकट्याने ६३ गुण केले. बाद फेरीतला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. सामना दोन जादा डावांपर्यंत ताणला गेला आणि शिकागो १३५–१३१ असे हरले. मालिकाही तीन विरुद्ध शून्याने गेली. पुढच्या मोसमात त्याने सामन्यामागे सरासरी ३७.१ गुण केले. संघ पुन्हा त्याच बोस्टनकडून तीन शून्य हरून घरी परतला. सहा मोसम जगातला सर्वोत्तम खेळाडू संघात असून विजेतेपद आले नाही.

बदल झाला तो १९८९ साली फिल जॅक्सन प्रशिक्षक झाल्यावर. त्यांचे सहकारी टेक्स विंटर यांनी त्रिकोणी रचनेची पद्धत संघात रुजवली. त्यात चेंडू एकाच्या हाती साचून राहत नाही; समोरचा बचाव कुठे उघडा पडतो ते वाचून तो फिरत राहतो. जॉर्डनला ती पद्धत सुरुवातीला रुचली नव्हती. १९९१ साली पहिले विजेतेपद आले, मग दुसरे. १९९३ च्या अंतिम मालिकेचा सहावा सामना फिनिक्सविरुद्ध होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये शिकागोचे तोवरचे नऊच्या नऊ गुण जॉर्डनचेच होते, आणि संघ दोन गुणांनी मागे होता. सगळे प्रेक्षागार समजून चुकले होते की आता फेक तोच करणार. चेंडू जॉर्डनकडून पिपेनकडे गेला, पिपेनकडून ग्रँटकडे, ग्रँटकडून तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या जॉन पॅक्सनकडे. चार सेकंदही उरले नव्हते. पॅक्सनची फेक आत गेली आणि शिकागो ९९–९८ असे जिंकले. त्या क्वार्टरमध्ये ज्याने नऊ गुण केले त्याचे नाव इतिहासात आहेच, पण सामना ज्या चार हातांतून चेंडू फिरला त्यांनी जिंकला.

चार वर्षांनी, १९९७ साली, युटाविरुद्ध पुन्हा तसेच झाले. सामना ८६–८६ असा बरोबरीत होता. जॉर्डनवर दुसरा बचावपटू धावून येणार हे त्याला स्वतःलाच ठाऊक होते. टाइमआऊटमध्ये त्याने बाकावर शेजारी बसलेल्या स्टीव्ह कर्रला तयार राहायला सांगितले. झालेही तसेच. बचावपटू कर्रला सोडून जॉर्डनकडे झेपावला, पास गेला, कर्रची फेक आत. आमच्या मते त्या रात्रीचा खरा क्षण फेकीचा नव्हता, तो आधीचा, टाइमआऊटमधला होता. सगळ्यात मोठ्या खेळाडूने शेजारच्या सोबत्याला सांगितले की चेंडू तुझ्याकडे येईल. कोपऱ्यातल्या आपल्या मुलीला हेच कुणी सांगितले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, पुढच्याच वर्षी, १९९८ साली, त्याच युटाविरुद्ध शेवटची फेक जॉर्डनने स्वतःच केली आणि एका गुणाने विजेतेपद आणले, त्याचे काय? ते खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. ताऱ्याने फेक करूच नये असा आमचा आग्रह मुळीच नाही. कधीकधी तीच योग्य असते. पण त्या रात्री समोरचा बचाव जॉर्डनवर दुसरा माणूस सोडायला कचरला, कारण मागच्या वर्षी कर्रने आणि त्याआधी पॅक्सनने काय केले ते सगळ्यांच्या ध्यानात होते. सोबत्यांवर टाकलेल्या विश्वासानेच त्याला एकट्याने खेळायला जागा करून दिली. संघ तयार असला की ताराही जास्त तळपतो.

उलट उदाहरणही आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला अमेरिकेने नामवंत व्यावसायिक खेळाडूंचा चमू पाठवला. पहिल्याच सामन्यात चिमुकल्या पोर्तो रिकोने त्यांना ९२–७३ असे हरवले. पुढे उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने हरवले. सुवर्ण अर्जेंटिनाला मिळाले, वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या मुलांना. अमेरिकेला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. नावे जमवायला एक उन्हाळा पुरतो; एकमेकांची सवय व्हायला त्याहून कितीतरी जास्त लागते.

आपल्या देशातही पाहावे. २०१७ च्या जुलैत बंगळुरूला महिलांच्या आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचा अंतिम सामना झाला. भारताने कझाकस्तानला ७५–७३ असे हरवले आणि वरच्या विभागात पाऊल टाकले. दोन गुणांचा फरक म्हणजे एक बास्केट. ४० मिनिटांच्या सामन्यात कुणाचा एखादा रिबाऊंड, कुणाचा वेळेवर दिलेला पास, कुणी जमिनीवर झेपावून वाचवलेला चेंडू, यांतले एक जरी उणे झाले असते तर निकाल फिरला असता. दोन गुणांनी जिंकलेल्या सामन्यात सगळ्यांचा वाटा शेवटच्या फेकीइतकाच असतो.

गोव्याला हे नवीन नाही. १९८४ साली मद्रासला गोव्याच्या फुटबॉल संघाने पंजाबला १–० असे हरवून संतोष चषक आणला, तोही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांचे नाव त्या पराक्रमाशी कायमचे जोडले गेले आणि ते योग्यच आहे. पण एकही गोल न होणे ही गोलरक्षकाच्या एकट्याच्या हातांची गोष्ट नसते, हे गोव्यातल्या कोणत्याही फुटबॉलप्रेमीला वेगळे सांगावे लागत नाही. त्याच्या पुढे उभ्या असलेल्या बचावफळीने किती चेंडू त्याच्यापर्यंत पोचूच दिले नाहीत, याचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो. एका गोलाने जिंकलेल्या अंतिम सामन्यात तो न लिहिलेला हिशेबच चषक मिळवून देतो.

पेडणेकरांना तर याहून जवळचा दाखला आहे. सध्या जत्रांचे दिवस आहेत. देवळापुढे मंडप पडला आहे, रात्रीचे बारा वाजून गेले आहेत, दशावताराचे आख्यान रंगात आले आहे. लिहिलेली संहिता नाही. रंगपटात कथानक ठरते आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या जुळतो. राजाचे काम करणारा नावाजलेला नट आहे, त्याचे नाव ऐकूनच पंचक्रोशीतून माणसे आली आहेत. पण जाणता प्रेक्षक राजाइतकाच समोरच्या पात्राकडे पाहत असतो. राजाने एक मुद्दा मांडला, समोरच्याने तो वरचेवर झेलून दुसऱ्या अंगाने परत केला, की प्रसंग चढत जातो. कुणाला शब्द सुचेनासा झाला तर पेटीवाला सूर धरून ठेवतो. तलवारीच्या फेकीवर मृदंगाची थाप पडली नाही तर युद्धाला जोर येत नाही. नामवंत नट एकटाच बोलत राहिला तर दोन वाजता मंडपातल्या चटया रिकाम्या होऊ लागतात. मोठ्या नटाची खूण अशी, की त्याच्यासमोर उभा राहिलेला नवखा त्या रात्री आपल्या नेहमीच्या कुवतीपेक्षा चांगला बोलतो. कारण नट त्याला असे वाक्य देतो, ज्याला उत्तर देता येईल. बास्केटबॉलमध्ये चांगला पास म्हणजे हेच. समोरच्याला झेलता येईल, फेकता येईल, अशा उंचीवर आणि अशा क्षणी दिलेला चेंडू.

आणि हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांनाही हे सांगायला नको. दोन्ही टोके सारख्या गतीने ओढावी लागतात. एका बाजूच्या तगड्या गड्यांनी आपल्याच जोरावर घाई केली तर जाळे तिरके होते आणि मासळी मधूनच निसटते.

आता त्या एकीचा विचार करू, जिच्यावर सगळा भार टाकला जातो. आपण समजतो की तिला मान मिळतो. मान मिळतो, पण त्याबरोबर सोळाव्या वर्षी एक ओझेही मिळते. सामना हरला की घरी जाताना बसमध्ये ती गप्प बसते, कारण हरली ती शाळा नव्हे, ती स्वतः, अशी तिची समजूत आपणच करून दिलेली असते. गुडघा दुखतो म्हणायची तिला चोरी होते. तिच्या खेळाचीही वाढ खुंटते. तालुक्यात जी दोघींवरून फेक करते, तिला जिल्ह्यात आणि राज्यात तिच्याइतक्याच उंचीच्या तिघी भेटतात. तिथे पास देता येत नसेल तर निवड समिती दुसरीकडे पाहते. पुण्याच्या शिरीन लिमयेसारखी महाराष्ट्रातली मुलगी भारताच्या महिला संघात आघाडीची खेळाडू झाली, ती या पायऱ्या चढूनच. त्या पायऱ्यांवर एकटीने खेळण्याची सवय उपयोगी पडत नाही.

शाळेच्या बाजूने पाहिले तरी हिशेब तोट्याचाच आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तारा कितीही तेजस्वी असला तरी शाळेच्या वाट्याला दोन-तीन मोसम येतो. मग दहावी होते, मुलगी उच्च माध्यमिकसाठी दुसऱ्या गावी जाते आणि जो संघ काल उपांत्य फेरीत होता तो पहिल्याच फेरीत कोसळतो. मागे राहिलेल्या चौघी तीन वर्षांत काय शिकल्या? चेंडू द्यायला आणि बाजूला व्हायला. त्यांतल्या दोघी पुढच्या वर्षी सरावालाच येत नाहीत. या दोघींची नोंद कुठल्याही निकालपत्रात होत नाही, पण गोव्याच्या क्रीडाजीवनाचे नुकसान होते ते इथे. २०२३ साली ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, मोठी मैदाने उभी राहिली. त्या मैदानांत खेळायला मुले कुठून येणार? ती अशाच सिमेंटच्या कोर्टावरून, अशाच कोपऱ्यातून येणार आहेत.

यावर उपाय खर्चिक नाहीत. पहिला उपाय सरावाचा. सराव संपताना रोज एक मिनिटाचा सामना खेळवावा. फलकावर एका गुणाने पिछाडी लिहावी, चेंडू हातात द्यावा, आणि एक अट घालावी : पाचही जणींच्या हाताला चेंडू लागल्याशिवाय फेक करायची नाही. काही दिवस दुसरी अट घालावी : सर्वोत्तम खेळाडूने फेक करायचीच नाही, करवून घ्यायची. सुरुवातीला गोंधळ उडेल. महिन्याभरात कोपऱ्यातल्या मुलीचा हात सरावेल आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पास देणारीची नजर कोपऱ्याकडे वळायला लागेल. विश्वास टाइमआऊटमध्ये देता येत नाही, तो ऑगस्टपासून पेरावा लागतो.

दुसरा उपाय थ्री बाय थ्री बास्केटबॉलचा. टोकियो ऑलिंपिकमध्ये हा प्रकार पहिल्यांदा आला. त्याला अर्धे कोर्ट आणि एकच रिंग लागते. तीन जण आणि एक राखीव, दहा मिनिटे किंवा २१ गुण, फेकीसाठी १२ सेकंद. ज्या शाळेला पूर्ण कोर्ट नाही आणि दहा जण जमत नाहीत तिलाही तो परवडतो. त्यात आणखी एक खासियत आहे. सामना चालू असताना प्रशिक्षकाला बाहेरून सूचना देता येत नाहीत. मुलांनी आपापसांत बोलून ठरवायचे. तिघांतला एक जरी बाजूला उभा राहिला तर संघाचा तिसरा हिस्सा गेला, हे त्यांना पहिल्या मिनिटात कळते. पेडणे आणि डिचोलीतल्या पंचायतींनी आणि क्रीडा मंडळांनी पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत गावागावांत अशा स्पर्धा भरवाव्यात.

तिसरा उपाय बक्षिसांचा आहे आणि तो संयोजकांच्या हातात आहे. सर्वोत्तम खेळाडूचा चषक असू द्या, पण त्याशेजारी सर्वाधिक असिस्ट देणाऱ्याचाही ठेवा. गुण लिहिणाऱ्या वहीत असिस्टचा रकाना आखा. जे मोजले जाते त्याकडे मुले लक्ष देतात. पालकांनीही मैदानाच्या कडेला बसून आपल्या मुलीला “तूच टाक” असे ओरडून सांगणे सोडावे. त्या क्षणी तिला ऐकू जायला हवी ती हाक कोपऱ्यातली असते.

चौथी जबाबदारी आमची, वर्तमानपत्रांची. “अमकीच्या बावीस गुणांच्या जोरावर तमकी शाळा विजयी” असे मथळे आम्हीच वर्षानुवर्षे छापत आलो आहोत. फोटो छापायचा तर बास्केट टाकणारीचा, चषक उंचावणाऱ्या कर्णधाराचा. बातमीत उरलेल्या चौघींची नावे नसतात. शाळेच्या सूचनाफलकावर ते कात्रण लागते, आणि त्या चौघी रोज त्याच्यासमोरून वर्गात जातात. हे बदलायला हवे. क्रीडाशिक्षकांनी निकाल पाठवताना शेवटच्या मिनिटाचा पास कुणी दिला, निर्णायक रिबाऊंड कुणी घेतला, हेही लिहून पाठवावे. ते छापायला आमच्याकडे जागा आहे.

हरणे-जिंकणे चालूच राहील. कधी पेडण्याचा संघ जिंकेल, कधी डिचोलीचा. या मुलींतल्या फारच थोड्या पुढे बास्केटबॉल खेळतील. बाकीच्या शिक्षिका होतील, परिचारिका होतील, बँकेत किंवा दुकानात काम करतील, पंचायतीत निवडून येतील. तिथेही शेवटच्या मिनिटाचे प्रसंग येतात. घरात, कचेरीत, गावात, सगळा भार एकावर टाकून बाकीचे बाजूला उभे राहतात, आणि ते एक माणूस कोसळले की सगळेच कोसळते. सोळाव्या वर्षी ज्या मुलीने कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या मैत्रिणीला चेंडू दिला आणि तिची फेक आत जाताना पाहिली, ती हे आयुष्यभर विसरणार नाही. तिची फेक चुकतानाही पाहिली असेल, तरी विसरणार नाही, कारण त्या दिवशी पाच जणी मिळून हरल्या.

म्हणून आजच्या दिवशी पेडणे आणि डिचोलीतल्या सर्व क्रीडाशिक्षकांना आमचे एकच सांगणे आहे. नाताळची सुट्टी संपवून मुले परत येतील, तेव्हा पहिल्या सरावाला तुमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला जवळ बोलवा आणि संघातल्या सगळ्यात बुटक्या मुलीला कोपऱ्यात उभे करा. पहिला पास तिच्याकडे जाऊ द्या.